औषधाची विहीर आटू नये म्हणून

गेल्या पावसाळ्यात माझ्या आईच्या लघवीच्या तपासणीचा अहवाल माझ्या हाती आला आणि मी जो विषय वीस वर्षे वर्गात शिकवीत आहे, त्यातील एक धडा मला नव्याने शिकावा लागला. आईचे वय एकाहत्तर. चार दिवस ताप उतरत नव्हता म्हणून तिला रुग्णालयात नेले होते. अहवालाच्या डाव्या बाजूस औषधांची नावे होती आणि प्रत्येकापुढे एक अक्षर होते. औषध लागू पडण्यासारखे असेल तर ‘एस’ आणि जंतू त्यास दाद देत नसतील तर ‘आर’. मी वरून खाली वाचीत गेलो, तो ‘आर’ पुढे ‘आर’ अशी रांगच लागलेली. तोंडावाटे घेण्याची जी औषधे आपण सर्वजण नावानिशी ओळखतो, त्यांपैकी जवळजवळ एकही तिच्या कामाचे उरले नव्हते. शिरेतून देण्याच्या एका भारी औषधाने आई बरी झाली, ही समाधानाची गोष्ट. परंतु तेथील तरुण डॉक्टरांनी विचारलेल्या एका साध्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. ‘‘आजींना यापूर्वी कोणकोणती अँटिबायोटिक औषधे दिली होती?’’

मी काय सांगणार? खोकला झाला, घसा धरला, अंग मोडून आले, की महाविद्यालयातून परतताना औषधाच्या दुकानातून तीन गोळ्यांचे पाकीट आणावयाचे आणि दोन घेऊन बरे वाटले की तिसरी डब्यात ठेवावयाची, हा आमच्या घरचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. तो पाळणारा अशिक्षित नव्हता. तो अर्थशास्त्राचा पदव्युत्तर पदवीधर होता. तेव्हा या लेखात जी टीका येईल, तिची सुरुवात प्रस्तुत लेखकापासून झाली आहे, असे वाचकांनी समजावे.

सामाईक मालमत्तेचा प्रश्न

अँटिबायोटिक म्हणजे प्रतिजैविक औषध. ते जीवाणूंना मारते किंवा त्यांची वाढ थांबविते. इतर औषधांपेक्षा ते एका बाबतीत मूलतः वेगळे आहे. मधुमेहाची गोळी एकाने घेतल्याने दुसऱ्याच्या गोळीचा गुण कमी होत नाही. प्रतिजैविकाचे तसे नाही. शरीरात आणि शरीराबाहेर कोट्यवधी जीवाणू असतात. अनुकूल परिस्थितीत त्यांतील काही जाती वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात. त्यांतील एखाद-दुसऱ्यात औषधाला पुरून उरण्याची शक्ती योगायोगाने आलेली असते. औषध दिले की दुबळे मरतात आणि हा चिवट वंश मोकळ्या रानात वाढतो. एवढेच नव्हे, तर ही शक्ती देणारा जनुकांचा तुकडा एका जातीचा जीवाणू दुसऱ्या जातीच्या जीवाणूस देऊ शकतो. म्हणून माझ्या डब्यातील तिसऱ्या गोळीचा हिशेब माझ्यापुरता मिटत नाही. तो शेजाऱ्याच्या नातवापर्यंत जातो.

जालना जिल्ह्यातील वाचकास हे समजावून सांगण्यासाठी ग्रंथांची गरज नाही. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. पाणी साठते ते त्याच्या झिजलेल्या थरांत आणि भेगांत, आणि ते सर्वांचे एकच असते. एकाने शंभर फुटांची विहीर खोदली, दुसऱ्याने तीनशे फुटांचे बोअर घेतले, तिसरा सहाशे फुटांवर गेला. प्रत्येकाचा निर्णय त्याच्या घरापुरता शहाणपणाचा होता. परंतु २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, तेव्हा या सर्व शहाणपणांची बेरीज काय होते ते आपण पाहिले. प्रतिजैविकांचे सामर्थ्य हेही असेच भूगर्भातील पाणी आहे. पाटी एकाच्या नावाची असली तरी झरा सर्वांचा आहे. फरक एवढाच, की पाऊस पडला तर विहिरीस पुन्हा पाणी येते. या झऱ्यास पावसाळा नाही. नवे औषध शोधले जाईल तेव्हाच तो भरावयाचा, आणि गेल्या काही दशकांत प्रतिजैविकांच्या सर्वस्वी नव्या वर्गांची भर फारच थोडी पडली आहे.

गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली सामाईक कुरणाच्या शोकांतिकेवर लिहिलेला निबंध अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असतो. परंतु त्याच्याही तेवीस वर्षे आधी, १९४५ च्या डिसेंबरात, पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात हाच विचार एका काल्पनिक उदाहरणाने मांडला होता. घसा दुखतो म्हणून एक गृहस्थ स्वतःच्या मनाने अपुरे पेनिसिलिन घेतो, त्याच्या शरीरातील जंतू औषधाला सरावतात, तेच जंतू त्याच्या पत्नीला लागतात आणि तिला पेनिसिलिनचा गुण न येऊन ती दगावते. चूक एकाची आणि मृत्यू दुसऱ्याचा. अर्थशास्त्रात यालाच आम्ही बाह्य परिणाम म्हणतो. ज्या किमतीचा भार व्यवहार करणाऱ्यावर पडत नाही, तिची फिकीर तो करीत नाही.

ही किंमत आता मोजली जाऊ लागली आहे. ‘लॅन्सेट’मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधांना दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळे झाले. ब्रिटिश सरकारने या प्रश्नाच्या अभ्यासासाठी २०१४ साली जिम ओ’नील यांची नेमणूक केली. ते डॉक्टर नव्हेत, अर्थतज्ज्ञ आहेत, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

धारावीतील चिठ्ठ्या

या प्रश्नाचा आपल्या राज्यातील सर्वांत सुस्पष्ट पुरावा क्षयरोगाच्या बाबतीत मिळतो. क्षयावरची औषधे हा प्रतिजैविकांचाच एक विशेष गट. त्यांचा क्रम, मात्रा आणि मुदत शास्त्राने ठरवून दिली आहे. वैयक्तिक लहरीस तेथे जागा नाही. तरीही डॉ. मुकुंद उपळेकर व त्यांचे सहकारी शेपर्ड यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काय दिसले? मुंबईच्या धारावीतील शंभर खाजगी डॉक्टरांनी एकाच रोगासाठी ऐंशी निरनिराळ्या प्रकारच्या चिठ्ठ्या लिहिल्या. वीस वर्षांनी, २०१० मध्ये, डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी १०६ डॉक्टरांनी ६३ प्रकारची उत्तरे दिली, आणि त्यांपैकी बरोबर चिठ्ठी लिहिणारे निघाले अवघे सहा.

पुढे काय होणार ते उघड होते. २०११ च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील याच डॉक्टरांनी चार रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. तपासलेल्या कोणत्याही औषधास त्यांच्या क्षयाचे जंतू दाद देत नव्हते. या रोगास कोणते नाव द्यावे यावर वाद झाला, पण हकीकतीतील एक तपशील वादापलीकडचा होता. चारांपैकी तिघांनी दीड वर्षात सरासरी चार खाजगी डॉक्टर केले होते, आणि त्यांना दुसऱ्या फळीतील औषधे सुटी सुटी, बहुधा चुकीच्या मात्रेत आणि कोणाच्याही देखरेखीविना मिळाली होती. या गदारोळानंतर २०१२ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद कळविणे खाजगी डॉक्टरांस बंधनकारक केले. नोंद आली, पण ती घर जळू लागल्यावर आली.

चिठ्ठीमागचे अर्थकारण

ही उदाहरणे देऊन डॉक्टरांच्या माथी सर्व दोष मारणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. जो व्यवहार इतके लोक इतकी वर्षे करतात, त्याच्या मुळाशी व्यक्तीचा दुर्गुण नसून व्यवस्थेचे दडपण असते. केनेथ ॲरो यांनी १९६३ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखविले, की वैद्यकीय सेवा हा बाजारातील इतर व्यवहारांसारखा व्यवहार नाही. येथे विकणाऱ्यास जे कळते ते घेणाऱ्यास कळत नाही. रुग्णाला आपल्याला काय हवे हे ठाऊक नसते, म्हणून तो परिणामावरून डॉक्टर पारखतो. अंबड किंवा भोकरदनच्या बाजाराच्या दिवशी दवाखान्यात आलेला मजूर त्या दिवसाची मजुरी बुडवून आलेला असतो. त्यास उद्या उभे राहावयाचे असते. त्याला ‘‘हा विषाणूचा ताप आहे, चार दिवसांत आपोआप उतरेल, विश्रांती घ्या आणि पाणी भरपूर प्या’’, असे सांगणारा डॉक्टर शास्त्राने बरोबर असतो, पण पुढच्या आठवड्यात तो रुग्ण समोरच्या दवाखान्यात दिसतो. समोरचा डॉक्टर इंजेक्शन आणि पाच गोळ्या देतो, ताप ठरल्या दिवशी उतरतो, आणि हातगुणाचे श्रेय गोळ्यांना मिळते.

तपासणीचेही तसेच. जंतूंची वाढ करून कोणते औषध लागू पडेल हे पाहणाऱ्या तपासणीस दोन-तीन दिवस लागतात आणि तिचा खर्च गोळ्यांच्या पाकिटापेक्षा कितीतरी अधिक असतो. तपासणी महाग आणि अंदाज स्वस्त, अशी बाजाराची रचना असेल तर लोक अंदाजच विकत घेणार.

शेवटी औषधाचे दुकान. तालुक्याच्या गावी दुकान चालविणारा माझा एक माजी विद्यार्थी आहे. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक का देतोस, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, ‘‘सर, मी नाही दिली तर पलीकडचा देतो.’’ शेताच्या बांधावर हेच वाक्य मी वेगळ्या संदर्भात ऐकले आहे. मी नाही उपसले तर शेजारी उपसेल. सामाईक मालमत्तेची शोकांतिका समजावून देण्यासाठी मी वर्गात तासभर घेतो. माझ्या विद्यार्थ्याने ती एका वाक्यात सांगितली.

गडचिरोलीचा दाखला

मग यावर उपाय म्हणून औषध दुर्मिळ आणि महाग करावे काय? नाही. कारण आपल्या देशात प्रतिजैविक वेळेवर न मिळाल्याने मरणारेही आहेत, आणि त्यांत लहान मुलांचा भरणा मोठा आहे. याच ठिकाणी महाराष्ट्राचाच दुसरा दाखला आपल्याला वाट दाखवितो.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस बालकांच्या न्यूमोनियावर काम सुरू केले. डॉक्टर नाही, क्ष-किरण यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही. गावातीलच थोडे शिकलेले आरोग्यदूत आणि निरक्षर दाया यांना एक गोष्ट शिकविली गेली. खोकणाऱ्या मुलाचे एका मिनिटातील श्वास मोजावयाचे. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नसत, त्यांच्यासाठी मणी सरकविण्याचे आणि वाळूच्या घड्याळाचे साधे साधन तयार केले. जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आज असा आहे, की दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास साठ वा अधिक, वर्षाच्या आतील मुलाचे पन्नास वा अधिक आणि पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे चाळीस वा अधिक असतील, तर ते धोक्याचे लक्षण मानावे. गडचिरोलीत श्वास वाढले असतील तर एक ठरलेले स्वस्त औषध ठरलेल्या मात्रेत ठरलेले दिवस द्यावयाचे, नुसताच खोकला असेल तर द्यावयाचे नाही, आणि दिलेल्या प्रत्येक औषधाची नोंद ठेवावयाची, असा नियम होता. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गावांतील पाच वर्षांखालील मुलांचा न्यूमोनियाने होणारा मृत्युदर तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या निम्म्याहूनही खाली आला. पुढे नवजात बालकांच्या जंतुदोषासाठी गावातील आरोग्यदूतांनी इंजेक्शनही दिले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने ३९ गावांतील नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे दाखविले.

धारावी आणि गडचिरोली यांची तुलना करून पाहा. एकीकडे पदवीधर डॉक्टर आणि ऐंशी तऱ्हेच्या चिठ्ठ्या. दुसरीकडे निरक्षर दाई आणि एकच अचूक नियम. म्हणजे उणीव होती ती शिस्तीची आणि हिशेबाची. निदानाची एक खूण, निश्चित औषध, निश्चित मात्रा, निश्चित मुदत आणि लेखी नोंद, एवढ्या सामग्रीवर प्रतिजैविक सुरक्षितही राहते आणि गुणकारीही.

चिठ्ठी कशी असावी

वैद्यकशास्त्राने यासाठी जे नियम घालून दिले आहेत, ते काही गुप्त नाहीत. सर्वसामान्य वाचकानेही ते समजून घेतले पाहिजेत, कारण चिठ्ठी जरी डॉक्टरांची असली तरी तिच्यावरील दडपण आपले असते.

पहिला नियम, प्रतिजैविक देण्यापूर्वी रोग जीवाणूंचा आहे काय, हे पाहणे. सर्दी, बहुतेक घसादुखी, फ्लू, डेंग्यू यांच्या मुळाशी विषाणू असतात आणि विषाणूंवर ही औषधे चालत नाहीत. मुलांच्या बहुसंख्य जुलाबांत मीठ-साखरेचे पाणी आणि जस्त हाच खरा उपचार. जेथे गरज नाही तेथे औषधाचा लाभ शून्य असतो आणि पुरळ, अतिसार, आतड्यातील उपकारक जंतूंचा नाश हा तोटा मात्र पुरता पदरी पडतो.

दुसरा नियम, आजार गंभीर असेल तर औषधाचा पहिला डोस देण्यापूर्वी रक्त, लघवी किंवा थुंकीचा नमुना घेणे. आधी औषध आणि मग तपासणी हा उलटा क्रम झाला की अहवाल आंधळा होतो. याला एक महत्त्वाची मर्यादा आहे. रक्तात जंतुदोष पसरून रुग्ण खालावत असेल, तर अहवालाची वाट पाहत बसणे प्राणघातक ठरते. अशा वेळी नमुना घेऊन तासाभराच्या आत औषध सुरू करावे लागते. काटकसर म्हणजे विलंब नव्हे.

तिसरा नियम, ज्याने काम भागेल असे सर्वांत नेमके औषध निवडणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून प्रतिजैविकांचे तीन गट केले आहेत. पहिल्या गटात सर्रास वापरण्याजोगी, दुसऱ्यात जपून वापरण्याची, आणि तिसऱ्यात शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवण्याची औषधे आहेत. ज्या ठिकाणी साधे ॲमॉक्सिसिलिन पुरते, तेथे भारी औषध देणे म्हणजे उंदरासाठी तोफ डागणे. तोफेचा आवाज रुग्णाला आश्वासक वाटतो, पण बारूद सर्वांच्या कोठारातून जाते.

चौथा नियम, मात्रा आणि मुदत. मात्रा वजन, वय आणि मूत्रपिंडाची शक्ती पाहून ठरते. गर्भवतीस आणि लहान मुलांस काही औषधे वर्ज्य असतात. पेनिसिलिनची पूर्वी ॲलर्जी झाली आहे काय हे विचारल्यावाचून ते देऊ नये. मुदतीबाबत शास्त्राचे मत अलीकडे बदलले आहे, ते नीट लक्षात घेतले पाहिजे. जास्त दिवस औषध म्हणजे जास्त सुरक्षितता, असे आता मानीत नाहीत. प्रौढांच्या साध्या न्यूमोनियात सुधारणा होत असल्यास पाच दिवस पुरे होतात, आणि विनाकारण लांबविलेले औषध प्रतिकारक्षम जंतूच वाढविते. उलट क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो आणि तो मध्येच सोडणे आत्मघातकी असते. तात्पर्य, औषध किती दिवस हे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहावे आणि रुग्णाने स्वतःच्या मनाने त्यात भर घालू नये वा काट मारू नये.

पाचवा नियम, फेरविचार. दोन-तीन दिवसांनी रुग्ण आणि अहवाल दोन्ही पाहून औषध बंद करावे, बदलावे, शिरेतून तोंडावाटे न्यावे की तसेच चालू ठेवावे, हे ठरविले पाहिजे. शस्त्रक्रियेच्या बाबतीत जखम चिघळू नये म्हणून बहुतेक ठिकाणी चीर देण्यापूर्वीच्या तासाभरात दिलेली एक मात्रा पुरते. टाके निघेपर्यंत रोज इंजेक्शन देण्याच्या प्रथेस शास्त्राचा आधार नाही.

बागेतील आणि गोठ्यातील औषध

या औषधांचा वापर दवाखान्यापुरता नाही, हे शेतीप्रधान जिल्ह्याने विसरू नये. डाळिंबावरील तेल्या आणि लिंबूवर्गीय झाडांवरील खैऱ्या यांसाठी स्ट्रेप्टोमायसीन व टेट्रासायक्लीन यांचे मिश्रण आपल्याकडे वर्षानुवर्षे फवारले गेले. स्ट्रेप्टोमायसीन हे क्षयावरील पहिले परिणामकारक औषध होते, हे फवारणाऱ्यास कोणी सांगितले नाही. केंद्रीय कृषी मंत्रालयाने हा वापर टप्प्याटप्प्याने थांबविण्याच्या आदेशाचा मसुदा २०२१ च्या डिसेंबरात काढला. त्याआधी, २०१९ साली, कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी मिसळले जाणारे कोलिस्टिन केंद्राने बंद केले. माणसासाठी जे शेवटचे अस्त्र म्हणून राखावयाचे, ते कोंबडीचे वजन वाढविण्यासाठी खर्च होत होते! पशुवैद्यक आणि कृषी सहायक यांनाही या हिशेबात धरल्यावाचून तो पुरा होणार नाही.

कायदा आहे, हिशेब नाही

कायदा नाही असे नाही. प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. त्यांतील भारी औषधांसाठी २०१४ च्या मार्चपासून ‘एच-१’ ही अधिक कडक अनुसूची लागू आहे. तीनुसार विक्रेत्याने डॉक्टराचे व रुग्णाचे नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपावयाची असते. केरळने २०१८ साली स्वतःचा राज्य आराखडा आखला आणि २०२४ मध्ये चिठ्ठीविना विक्रीविरुद्ध मोहीम उघडली. आपल्याकडे नोंदवही आहे, पण ती वाचतो कोण?

जालन्यात २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा जिल्ह्याचा आनंद स्वाभाविक होता. त्या महाविद्यालयाकडून जिल्ह्याने पहिली अपेक्षा जर कोणती ठेवावयाची असेल तर ती अशी, की आपल्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागातून जिल्ह्यातील जंतू कोणत्या औषधांना दाद देतात याचा तक्ता दरवर्षी तयार करून तो प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रास आणि खाजगी डॉक्टरांच्या संघटनेस द्यावा. असा तक्ता हाती नसताना घनसावंगीचा डॉक्टर अंधारातच चिठ्ठी लिहिणार. दुसरी अपेक्षा, सामान्य आजारांसाठी एका पानाची लेखी उपचारपद्धती ठरवून ती प्रत्येक दवाखान्यात मराठीत लावावी. रुग्णाने वाचावी आणि डॉक्टरांनीही ‘‘हे पाहा, येथे लिहिले आहे’’ असे म्हणून रुग्णाच्या आग्रहास नकार द्यावा. नाही म्हणण्यास डॉक्टराला आधार हवा असतो; तो नियमाने मिळतो. तिसरी अपेक्षा अन्न व औषध प्रशासनाकडून. सर्व दुकानांवर एकाच वेळी सारखीच तपासणी झाली, तर ‘पलीकडचा देतो’ ही सबब उरणार नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते हेच दाखविल्याबद्दल, की सामाईक मालमत्तेचा नाश अटळ नसतो. वापरणारे एकत्र येऊन नियम करतात, एकमेकांवर लक्ष ठेवतात आणि नियम मोडणाऱ्यास जाब विचारतात, तेथे ती टिकते.

नव्या औषधाची आशा

यावर कोणी म्हणेल, की नवे औषध येईलच. ते यावे अशी आपलीही इच्छा आहे. ज्या वोखार्ट कंपनीचे संशोधन केंद्र शेजारच्या छत्रपती संभाजीनगरात आहे, तिच्या नॅफिथ्रोमायसीन या न्यूमोनियावरील औषधास २०२५ च्या जानेवारीत मंजुरी मिळाली, ही मराठवाड्यास अभिमान वाटावा अशी घटना आहे. परंतु असे औषध घडावयास दशक-दीड दशक लागते आणि सर्रास वापरल्यास त्याचा धार जाण्यास त्याहून फार कमी काळ पुरतो. बोअर अधिक खोल नेल्याने पाण्याचा प्रश्न सुटला असता, तर आपल्या जिल्ह्यात टँकर दिसले नसते.

पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखाना १९५४ साली स्थापन झाला, तेव्हा देशापुढे प्रश्न होता तो हे औषध गरिबापर्यंत पोचविण्याचा. सत्तर वर्षांनी प्रश्न दुहेरी झाला आहे. औषध गरिबापर्यंत पोचलेही पाहिजे आणि पोचेल तेव्हा ते चाललेही पाहिजे. श्रीमंत माणूस महागडे शेवटचे औषध विकत घेईल. साधे औषध निकामी झाले तर उपचारास मुकेल तो गरीबच. म्हणून प्रतिजैविक जपून वापरा हा उपदेश गरिबाविरुद्ध नाही. तो त्याच्याच बाजूचा आहे.

जालना तालुक्यातील कडवंची गावाने १९९६ पासून पाणलोटाचे काम अंगावर घेतले, ते शेजारच्या गावाची वाट पाहत बसले नाही. पाण्याच्या बाबतीत जे एका गावाला जमले, ते औषधाच्या बाबतीत एका जिल्ह्यास जमण्यासारखे आहे. आरंभ आपल्या घरातील गोळ्यांच्या डब्यापासून करता येईल. माझ्या घरातील डबा मी रिकामा केला आहे. आता आईची जुनी आणि नवी चिठ्ठी मी एका वहीत चिकटवून ठेवतो. पुढच्या वेळी कोणी डॉक्टर विचारतील, तेव्हा माझ्यापाशी उत्तर असेल.